थडग्याशेजारची वाडी

ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत देवळाच्या बांधणीचा, व्हिगारांच्या कारकीर्दींचा आणि शाळेचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलाच आहे. देवळाच्या पाठीमागें जी जागा आहे, जेथें आपण सर्वजण एक ना एक दिवस मुक्कामास जाणार, तिच्याविषयीं लिहावयास मात्र कोणी पुढें आलें नाहीं. म्हणून तें काम मजकडे आलें. मीं तें आनंदानें पत्करिलें, आणि त्यास एक कारणही आहे. दफनभूमींतील झाडें काढून सर्व जागेवर फरशी घालावी, अशी सूचना ज्युबिलीच्या कामांत आली असून तिचा निर्णय लवकरच सभेंत व्हावयाचा आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतु वाईट नाहीं. पावसाळ्यांत प्रेत आणतांना चिखलांत पाय घसरतात, आंब्याच्या मुळांनीं दोन थडग्यांचे चौथरे उचलले आहेत, आणि पाला झाडण्यास माणूस मिळत नाहीं, हें मीही पाहतों. परंतु मत देण्यापूर्वीं थडगें आणि बाग यांचा आपल्या धर्मांत किती जुना शेजार आहे, हें वाचकांच्या कानांवर घालावें असें मला वाटलें.

प्रथम घरचीच एक गोष्ट सांगतों. आमची वाडी दफनभूमीच्या कुंपणाला लागून आहे. माझे आजोबा तींत केळी, पानवेल आणि थोडी भाजी करीत. रहाटाचा कुरकुराट हीच आमच्या घरची पहाटेची घंटा. एका पास्काच्या सणाला व्हिगार फादरांनीं गव्हाच्या दाण्यावर प्रवचन केलें. दाणा जमिनींत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो, असें प्रभूनें म्हटल्याचें संत योहानाच्या शुभवर्तमानांत आहे, तें त्यांनीं सोप्या भाषेंत समजावून सांगितलें. मिस्सा आटोपल्यावर आजोबा टोपी हातांत घेऊन त्यांच्यापुढें उभे राहिले आणि म्हणाले, "फादर, प्रवचन फार चांगलें झालें. पण मेलेलें बीं उगवत नाहीं. मी दरवर्षीं वाल पेरतों. जें कुजलें तें कुजूनच जातें. ज्यांत जीव असतो तेंच वर येतें." फादर क्षणभर थांबले, मग हंसून म्हणाले, "बाबा, तुमचें म्हणणें खरें आहे. मग प्रभु असें कां बोलला, तें विचार करून तुम्हीच मला सांगा." आजोबांनीं त्यांना कधीं सांगितल्याचें मला आठवत नाहीं. पण तो प्रश्न आमच्या घरांत राहिला, आणि पुढें मला जुनीं पुस्तकें उघडावयास त्यानेंच लाविलें.

आरंभ अर्थातच यरुशलेमेच्या त्या बागेपासून केला पाहिजे. प्रभूला क्रुसावर दिलें त्या जागीं एक बाग होती आणि त्या बागेंत एक नवें थडगें होतें, ही हकीकत चौघां शुभवर्तमानकारांपैकीं एकटा संत योहान देतो. त्या थडग्याची निवड कां झाली, याचें कारणही तो अगदीं साधें सांगतो. शब्बाथाची तयारी चालली होती, वेळ थोडा होता, आणि तें जवळ होतें. ज्या पुनरुत्थानावर आपला सारा विश्वास उभा आहे, तें अशा रीतीनें कोणाच्या तरी वाडींत घडलें. तिसऱ्या दिवशीं पहाटे मरिया माग्दालेना तेथें रडत उभी असतां तिला प्रभु दिसला, आणि तिनें त्याला माळी समजलें. शहरांतल्या विद्वानांस ह्याचें नवल वाटतें. वाडींत वाढलेल्या माणसास वाटूं नये. एवढ्या पहाटे बागेंत दुसरें कोण असणार? पाणी सोडावयास आलेला माणूसच. 590 पासून 604 पर्यंत पोपपदावर असलेल्या संत ग्रेगरीनें आपल्या एका प्रवचनांत ह्या प्रसंगाचा विचार केला आहे. त्याचा भावार्थ असा कीं ती बाई चुकली खरी, आणि चुकलीही नाहीं. कारण तिच्या अंतःकरणांत सद्गुणांचीं बीजें पेरणारा माळी तोच होता. माळी म्हणवून घेण्यांत आमच्या लोकांनीं कमीपणा मानूं नये, यास माझ्या मतें एवढा एकच दाखला पुरे आहे.

येथें एका शब्दाविषयीं थोडें लिहितों. क्रुसावरून प्रभूनें पश्चात्तापी चोरास ज्या ठिकाणीं आपल्याबरोबर येशील असें वचन दिलें, त्यास संत लूकाच्या ग्रीक मजकुरांत जो शब्द आहे तो मुळांत प्राचीन इराणी भाषेंतला. त्याचा अर्थ 'सभोंवार भिंत घातलेली जागा'. त्यावरून राजांच्या बागांस तें नांव पडलें, एदेन बागेस ग्रीक बायबलांत तोच शब्द आला, आणि फारशीच्या वाटेनें 'फिरदौस' होऊन तो हिंदुस्थानांतही पोंचला. आपली 'वाडी' संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण ह्या शब्दापासून निघाली आहे. दोन निरनिराळ्या भाषांनीं बागेस कुंपणावरूनच नांव द्यावें, हा योगायोग मोठा गोड आहे. आणि त्या चोरास मिळालेलें वचन आमच्या बोलींत मांडावयाचें तर 'वाडी' हाच शब्द घ्यावा लागेल.

आतां ख्रिस्तसभेच्या पहिल्या आचार्यांकडे वळूं. सुमारें सन 96 मध्यें रोमच्या संत क्लेमेंतानें करिंथच्या ख्रिस्ती लोकांस एक पत्र पाठविलें. त्यांत पुनरुत्थान समजावितांना तो रात्र व दिवस यांचा दाखला देतो आणि मग शेताकडे येतो. पेरणारा सुकें, उघडें बीं टाकतो, तें मातींत विरतें, आणि परमेश्वर त्या एकाचे अनेक करून वर आणितो. मिनुसियुस फेलिक्स ह्या लॅटिन लेखकानें हिंवाळ्यांतल्या झाडाची उपमा घेतली आहे. वरून वाळलेलें दिसणारें झाड आंत ओलावा लपवून असतें, तशी देहालाही आपल्या वसंताची वाट पाहावी लागते, असें त्याचें म्हणणें. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं तेर्तुलियन यानें देहाच्या पुनरुत्थानावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि ऋतु, पालवी, उजाडणें व मावळणें या सर्वांस साक्षीला बोलाविलें. पुढें तो मनुष्य भरकटला, तरी त्याचें हें काम कोणी टाकून दिलें नाहीं.

परंतु ह्या ठिकाणीं एक चूक होण्याचा संभव आहे, आणि ती आमच्यांतल्या चांगल्या चांगल्या प्रवचनकारांकडून झालेली मीं ऐकिली आहे. झाडें दरवर्षीं पालवतात म्हणून माणूसही उठेल, असें ते सांगतात. एवढ्यानें विश्वास बसत असता तर अथेन्सचे लोक सर्वांच्या आधीं ख्रिस्ती झाले असते. त्यांनींही दरवर्षीं वसंत पाहिला होता. त्यांच्या बायका अदोनिस नांवाच्या देवाच्या उत्सवांत कुंड्यांमध्यें लवकर उगवणारें बीं पेरून घराच्या छपरावर ठेवीत. चार दिवसांत तें हिरवें होई, चार दिवसांत सुके, आणि मग देवासाठीं विलाप करीत तें पाण्यांत टाकून देत. त्याच शहरांत संत पौलानें मेलेल्यांच्या उठण्याची गोष्ट काढितांच कित्येकांनीं त्याची थट्टा केली, असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. त्यांचें एका अर्थीं बरोबर होतें. गेल्या वर्षींचें फूल यंदा परत येत नाहीं. यंदाचें फूल दुसरें असतें. केळीच्या बुंध्याशीं मुनवा फुटतो, पण तो मुनवा म्हणजे ती केळ नव्हे. आम्ही जी आशा बाळगतों ती अशी कीं आमची आई, आमचा भाऊ, आमचें लहानपणीं गेलेलें लेंकरूं, तींच तीं, नांवानिशीं उठतील. ही आशा कोणत्याही झाडानें शिकविलेली नाहीं. ती एका विशिष्ट थडग्यापासून निघाली. आणि तें थडगें उघडल्यावर मग लोकांना झाडांतही तिच्या खुणा दिसूं लागल्या. आचार्य वाडींतून थडग्याकडे आले नाहींत. थडग्याकडून वाडींत आले.

माझ्या आजोबांच्या शंकेचें उत्तरही ह्यांतच आहे. संत पौल करिंथकरांस लिहितांना म्हणतो कीं तूं जें पेरतोस तें पुढें होणारें अंग नव्हे, नुसता दाणा असतो; त्याला अंग देतो तो परमेश्वर. बीं मातींत कुजून जातें असा जुन्या लोकांचा समज होता, आणि तो शब्दशः बरोबर नव्हता; आजोबांचें निरीक्षण अधिक अचूक होतें. आज वनस्पतिशास्त्र सांगतें कीं बियाच्या आंत एक इवलासा जिवंत अंकुर निजलेला असतो, त्याच्या शेजारीं साठविलेलें अन्न तो खाऊन संपवितो, आणि वरचें साल फाटून गळून पडतें. म्हणजे जें संपतें तें दाण्याचें दाणेपण. प्रभूचा रोखही तिकडेच दिसतो. न पडलेला दाणा एकटा राहतो, हें त्याच्या वाक्याचें पहिलें अंग आपण वाचतांना पुष्कळ वेळां ओलांडून जातों. कणगींत सुखरूप राहिलेला दाणा मरत नाहीं हें खरें, पण तो एकटाच राहतो.

निजलेल्या अंकुराची एक अद्‍भुत हकीकत अलीकडची आहे. मृत समुद्राकांठच्या मसादा किल्ल्याच्या 1960 नंतरच्या दशकांत झालेल्या उत्खननांत खजुराच्या कांहीं बिया सांपडल्या. चाळीस वर्षें त्या पेटींत पडून होत्या. त्यांतली एक 2005 सालीं इस्राएलांतील दोन संशोधक बायांनीं लाविली, आणि ती उगवली. तिचें वय सुमारें दोन हजार वर्षें ठरलें. म्हणजे प्रभु देहानें ह्या पृथ्वीवर होता त्या काळाच्या आसपासची ती बी. त्या झाडास त्यांनीं मथुशलह असें नांव दिलें. तें नर निघालें. पुढें यहूदाच्या रानांतच मिळालेल्या तशाच जुन्या बियांपासून मादी झाडें वाढलीं, त्यांतल्या एकीस मथुशलहाचा पराग दिला, आणि 2020 सालीं तिला खजूर लागले. यहूदाच्या खजुरांची ती जुनी जात मध्यंतरीं नामशेष झालेली होती. यरुशलेमेच्या लोकांनीं प्रभूपुढें ज्या झावळ्या धरिल्या, त्या ह्याच कुळींतल्या झाडांच्या असाव्यात. आजोबा असते तर म्हणाले असते, "बघा, मेली नव्हती." आणि त्यांचें खरें असतें. पुनरुत्थान याहून मोठी गोष्ट आहे. तथापि दोन हजार वर्षें मुकाट्यानें वाट पाहणें म्हणजे काय, हें त्या एका बियेनें दाखविलें.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनीं आपल्या पुरण्याच्या जागेस जें नांव दिलें त्यांतही हीच वाट पाहण्याची कल्पना आहे. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'निजण्याची जागा'. इंग्रजी आणि पोर्तुगीज लोक दफनभूमीस आज जो शब्द वापरतात तो त्याचाच अपभ्रंश.

बाग आणि कबर यांची गांठ आपल्या हातानें बांधणारा एक माळी संतांच्या मालिकेंत आहे, त्याचें नांव संत फोकास. काळ्या समुद्राच्या कांठीं सिनोपे शहराच्या वेशीजवळ त्याची बाग होती. त्या उत्पन्नावर तो स्वतः जगे आणि वाटसरूंना जेवूं घाली. छळाच्या काळांत त्याला ठार मारण्यास आलेले शिपाई न ओळखतां त्याच्याच घरीं उतरले. त्यानें त्यांचा पाहुणचार केला, ते कोणास शोधतात हें विचारून घेतलें, आणि त्याचा पत्ता सकाळीं देतों असें सांगितलें. मग त्यानें आपली कबर खणून ठेविली. सकाळीं तो म्हणाला कीं तुम्ही शोधतां तो मीच. शिपाई शरमले, पण शेवटीं त्यांनीं त्याचा शिरच्छेद केला. सन 400 च्या सुमारास आमासियाचा बिशप आस्तेरियुस यानें त्याच्यावर प्रवचन केलें, त्यावरून ही कथा आपणांस कळते. तो आणखी सांगतो कीं खलाशी लोक जहाजावर रोजच्या जेवणांत एक वांटा फोकासाचा म्हणून काढीत, तो त्यांच्यांतला एखादा विकत घेई, आणि बंदर लागलें कीं ते पैसे गरिबांना देत. रोज जमीन खणणाऱ्या हातांना तें शेवटचें खणणें जड गेलें नसावें, असें मला नेहमीं वाटतें.

आणि ज्यांना हें सर्व भावनेचें बोलणें वाटेल त्यांच्यासाठीं एक नकाशाच पुढें ठेवितों. स्वित्झर्लंडांतील सेंट गाल मठाच्या ग्रंथालयांत नवव्या शतकाच्या पूर्वार्धांत, सन 820 ते 830 च्या सुमारास, चामड्याच्या पांच तुकड्यांवर काढिलेला एका आदर्श मठाचा आराखडा आहे. त्यांत देऊळ, भटारखाना, कोंबड्यांचीं खुराडीं, औषधी वनस्पतींचे वाफे आणि कांदा, लसूण, कोथिंबीर, कोबी यांचे अठरा वाफे असें सर्व दाखविलें आहे. भाजीच्या वाफ्यांशेजारीं साधूंची दफनभूमि आहे, तिच्या मध्यभागीं क्रूस आहे, आणि थडग्यांच्या मधून मधून फळझाडें लाविलेलीं आहेत. सफरचंद, नासपती, अंजीर, पीच, बदाम, तुती, अक्रोड, अशीं प्रत्येक झाडाचीं नांवें तेथें लिहिलेलीं आहेत. त्या डोंगराळ थंडींत अंजीर व बदाम कितपत तगले असते याची शंका आहे, आणि तो मठ नकाशाप्रमाणें जसाच्या तसा बांधलाही गेला नाहीं. पण काढणाऱ्याच्या मनांत काय होतें तें उघड आहे. साधूंची दफनभूमि आणि साधूंची फळबाग त्यानें दोन ठिकाणीं काढिली नाहीं. एकाच चौकोनांत काढिली. ह्या आराखड्याचें दैव पहा. बाराव्या शतकाच्या अखेरीस एका साधूला संत मार्टिनाचें चरित्र लिहावयास कोरें चामडें हवें होतें. त्यानें नकाशाची मागची बाजू वापरली आणि घडी घालून त्याचें पुस्तक केलें. त्या घडींत राहिल्यामुळेंच तो नकाशा वांचला.

एवढ्या दूरचें सांगून झाल्यावर आपल्या वसईकडे येतों. 1534 सालच्या तहानें हा प्रांत पोर्तुगिजांकडे गेला, आणि 1739 सालीं मराठ्यांनीं किल्ला घेतला. किल्ल्यांतील फ्रान्सिस्कन साधूंच्या देवळांत आजही जमिनींत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा दिसतात. उत्तम दगड, वर नांवें आणि कुळांचीं चिन्हें कोरलेलीं. दगडी जमीन म्हणाल तर ती तेथें पूर्ण आहे. त्या घराण्यांचें कोणी आज तेथें मेणबत्ती लावावयास येत नाहीं. धर्म टिकला तो किल्ल्याबाहेर, वाड्यावाड्यांतून, ज्यांच्या आजापणज्यांच्या कबरींवर साधी माती आणि लांकडी क्रूस होता त्यांच्यांत.

ह्या लोकांचें वर्षच असें आहे कीं वाडी आणि देऊळ निराळीं काढतां येत नाहींत. झावळ्यांच्या रविवारीं नारळाच्या ज्या झावळ्या आशीर्वादित करून आपण घरीं नेतों, त्याच सुकल्यावर जाळून पुढल्या वर्षीं राखेच्या बुधवारीं कपाळास लावितात. म्हणजे मरणाची आठवण देणारी ती राख गेल्या सालची आपलीच वाडी असते. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचा अधिपति संत ओदिलो यानें घालून दिलेला मृत भक्तांचा दिवस 2 नोव्हेंबरला येतो, तेव्हां पाऊस सरलेला असतो, झेंडू फुललेला असतो, आणि थडग्यावर काय वाहावें हा प्रश्न पडत नाहीं.

आणि पानवेल. ज्यांनीं पानमळा राखला आहे त्यांना उतरण ठाऊक असेल. वेल वाढत आधाराच्या शेंड्यास टेकली कीं पानें लहान होऊं लागतात. मग तिला खालीं उतरवून, वेटोळें करून, शेंडा तेवढा वर ठेवून मातीखालीं पुरतात. पुरलेल्या पेरांना नवीं मुळें फुटतात आणि तीच वेल पुन्हां चढूं लागते. दुसरी नव्हे, तीच. हिरवी, जिवंत वेल पुरतांना नवशिक्याचा हात अडखळतो. माझाही अडखळला होता. तेव्हां आजोबांनीं माझ्या हातावर हात ठेवून ती दाबली आणि म्हणाले, "पूर. ही मेलेली नाहीं, आपण पुरतों आहों." मला वाटतें, फादरांनीं मागितलेलें उत्तर तें होतें. तें त्यांनीं दिलें मला.

तो मळा आतां नाहीं. विहिरीचें पाणी खारट होत गेलें, पानवेल प्रथम गेली, मग केळी. आमच्या वाडीचा पश्चिमेकडचा भाग विकला गेला, त्यांत कोणास दोष देण्यासारखें नाहीं. आजारपण होतें, मुलांचीं शिक्षणें होतीं. आज तेथें चार मजली इमारत आहे. शेजारच्या दोन वाड्यांचेंही तसेंच झालें. यंदा पहिल्या कम्युनियनच्या वर्गांत मीं मुलांना गव्हाच्या दाण्याची गोष्ट सांगितली आणि बीं पेरलेलें कोणी पाहिलें आहे काय असें विचारलें. एकवीस मुलांपैकीं चौघांनीं हात वर केले. ह्या आवारांत पायाखालीं माती, डोक्यावर झाड आणि हातांत पडलेलें पिकलें फळ अशीं तिन्ही जेथें एकत्र मिळतात, अशी जागा आतां दफनभूमि एवढीच उरली आहे. थोड्याच वर्षांत ती ह्या गांवची शेवटची वाडी ठरेल.

सभेपुढें माझें म्हणणें इतकेंच राहील. फाटकापासून मधल्या क्रुसापर्यंत आणि तेथून दोन्ही अंगांस, खांदेकऱ्यांना चालतां येईल अशी रुंद दगडी वाट करावी. चिखलाची तक्रार तेवढ्यानें मिटेल. बाकीची जमीन उघडी ठेवावी. पाला झाडण्याचें काम पाळीपाळीनें वाड्यांनीं वांटून घ्यावें. पहिला महिना आमच्या घराकडे द्यावा. राहिला आंबा. त्याच्या मुळांनीं उचललेल्या दोन चौथऱ्यांपैकीं एक माझ्या आजोबांचा आहे. त्याची दुरुस्ती आम्ही स्वखर्चानें करूं, दुसऱ्या घरची संमति असेल तर त्यांचीही करून देऊं. मूळ तोडूं नये, एवढी विनंति आहे.